वाहतुकीची बाजू उलटी असलेल्या देशात पर्यटकाने स्वतः गाडी चालवावी का?

काठावरचा:
माझं मत, चालवू नये. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे मूळ परवान्याचं भाषांतर, त्यासाठी कुणी परीक्षा घेत नाही. भाड्याच्या गाडीवाले रात्रभर विमानात जागलेल्या माणसाची सही घेतात आणि किल्ली हातात देतात! न्यूझीलंडमध्ये २०१५ च्या सुमारास स्थानिकांनी पर्यटकांच्या गाड्यांच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. बेकायदा होतं, पण चीड समजते.

मोकळी_वाट:
असहमत. ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे स्वीडनने अख्खा देश डावीकडून उजवीकडे नेला. हाहाकार झाला का? आणि आइसलँडच्या आडवाटा टूर बसच्या खिडकीतून बघायच्या?

काठावरचा:
उदाहरण माझ्या बाजूचं दिलंत, आभार. तिथे सगळेच एकदम बदलले, वेगमर्यादाही उतरवली होती, जो तो बिचकत चालवत होता. पर्यटक एकटाच उलटा असतो. बरं, पहिल्या तासात तो सावधही असतो. खरा घोळ नंतर. पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्याला लागला की हात सवयीच्या बाजूला वळतात, आणि पुढे गाडीच नाही म्हटल्यावर चूक लक्षात येणार कशी?

तिसरी_लेन:
बाजूचं काय घेऊन बसलात, फजिती नियमांनी होते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल दिव्याला थांबून उजवीकडे वळता येतं. न्यूयॉर्क शहरात तसा फलक असेल तरच. फ्रान्समध्ये खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं, मग तो बोळातून का येईना. इटलीत जुन्या शहरांच्या झेडटीएल भागात, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मर्यादित प्रवेश असलेल्या भागात, शिरलात की कॅमेरा टिपतो, दंड कित्येक महिन्यांनी घरी येतो, वर भाड्याच्या गाडीवाल्यांचं शुल्क वेगळं. जपानला आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचाच लागतो, १९६८ चा चालत नाही. चीनच्या मुख्य भूमीत तर कुठलाच नाही.

मोकळी_वाट:
म्हणजे सगळं आधी वाचून जाण्यासारखंच की! ऑटोमॅटिक गाडी घ्या, पहिली रात्र झोप काढा, सकाळी निघा.

काठावरचा:
वाचतं कोण? किल्ली देण्याआधी कुणीतरी दहा मिनिटं शेजारी बसून पर्यटकाची चाचणी घ्यावी, एवढंच मागतोय.

मोकळी_वाट:
ब्रिटनहून ऑस्ट्रेलियात गेलेल्याचीही? दोन्हीकडे डावीच बाजू आहे.

काठावरचा:
त्याला सूट. फ्रान्सहून आलेल्याला नाही.

तिसरी_लेन:
आणि चाचणी घेणारा कोण, गाडी भाड्याने देणाराच? तो गिऱ्हाइकाला नापास करेल होय!