फायलींचे तुकडे करायची खोड आता तरी सोडा

सरळरेघ

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्यांनी चित्रीकरणाचा ४८ जीबीचा बॅकअप दिला. एक फाइल नव्हे, २४ फायली. नावांच्या शेवटी .००१ ते .०२४ असे आकडे आणि सोबत एक ओळ, "जोडून घे." मी आज्ञाधारकपणे जोडायला बसलो. काही वेळाने डिस्क भरल्याची पाटी आली. तुकड्यांचे ४८ जीबी आणि जोडून होणाऱ्या फाइलचे आणखी ४८, म्हणजे दुप्पट जागा लागते, हे डोक्यातच आलं नव्हतं. इकडचं तिकडचं पुसून जागा केली, पुन्हा जोडलं, तर फाइल उघडेना. तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की .०१७ नावाला आहे, आकार शून्य बाइट. कॉपी चालू असताना कुणीतरी पेनड्राइव्ह उपटला असणार. एका तुकड्यापायी सगळे २४ बाद.

माझं म्हणणं असं : मोठी फाइल तोडून देणं हे एके काळी नाइलाजाचं काम होतं. नाइलाज संपला, खोड राहिली. पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या पुढची फाइल बसत नाही ही तक्रार फॅट३२ या डिस्कवर फायली मांडायच्या जुन्या पद्धतीची. ती फाइलचा आकार ३२ बिटांत लिहिते, म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढे तिला मोजताच येत नाही. तिच्या जागी घेता येणारी एक्सफॅट २००६ पासून आहे. विंडोज वाचतं, मॅक वाचतो, लिनक्सच्या कर्नलमध्येही २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून आहे. पेनड्राइव्ह एकदा रिकामा करून फॉरमॅट करा, विषय संपला. नेटवरून पाठवायची असेल तर अर्धवट राहिलेलं काम तिथूनच पुढे चालू करणारी साधनं पोत्याने आहेत. आरसिंक हा फायली पाठवायचा प्रोग्राम तर १९९६ पासून आहे.

तरीही तुकडे का करता? कारण सांगा. "सवय आहे" हे कारण धरणार नाही.

---

जुना गडी

असहमत, आणि जोरात असहमत.

फ्लॉपीवर १४,७४,५६० बाइट बसायचे. ३० एमबीचं काही न्यायचं तर २२ फ्लॉप्या, आणि खराब निघायची ती कायम शेवटून दुसरी. ते दिवस परत यावेत असं मलाही वाटत नाही. पण नाइलाज संपला हे कुणी सांगितलं तुम्हाला? फॉरमॅट करा म्हणता, ते पेनड्राइव्ह तुमचा असेल तर. समोरच्याचा जुना टीव्ही, गाडीतला प्लेअर, छपाईवाल्याचं यंत्र यांतली कितीतरी उपकरणं फॅट३२ सोडून दुसरं काही ओळखत नाहीत.

आणि उपकरणं जुनी म्हणून सोडून देऊ नका. नव्या संगणकावर विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवून बघा. यूईएफआयला (संगणक चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम) फॅटमधून बूट करता आलंच पाहिजे एवढी हमी असते, एक्सफॅटची नसते. आणि विंडोजची इन्स्टॉल.विम ही फाइल हल्ली सहज ४ जीबीच्या वर जाते. मग काय करायचं? खुद्द मायक्रोसॉफ्टचं उत्तर : डिझम नावाच्या आज्ञेने तिचे .एसडब्ल्यूएम तुकडे करा. सेटअप ते तुकडे तसेच वाचतो, जोडायलाही लागत नाहीत. म्हणजे विंडोज बनवणारेच खोडकर म्हणायचे का?

---

सरळरेघ

बूटचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात नव्हता. पण ते तुकडे करणारा आणि वाचणारा प्रोग्राम एकाच घरचे आहेत. माणसाला जोडत बसावं लागत नाही. माझा राग "जोडून घे" या दोन शब्दांवर आहे.

---

तिरकस

धागाकर्त्याला +१. आता माझी जोडणी ऐका.

झिपचे १२ तुकडे, प्रत्येकी १ जीबी. कुठलंही सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसलेला संगणक. म्हटलं विंडोजची कॉपी आज्ञा आहे की, अधिकची चिन्हं टाकून बारा नावं लिहिली आणि एंटर मारला. क्षणात झालं. मी खूश. मग आकार बघितला : जेमतेम ३ केबी.

बारा जीबीचे तीन केबी! कारण पुढे कळलं. कॉपी आज्ञेला फायली एकत्र करायला सांगितल्या की ती आपण होऊन त्यांना साधा मजकूर समजते. आणि डॉसच्या जमान्यापासून मजकुराचा शेवट म्हणजे कंट्रोल-झेड, म्हणजे २६ या किमतीचा बाइट. झिपमध्ये ० ते २५५ सगळ्या किमती साधारण सारख्याच प्रमाणात येतात, म्हणजे दर अडीचशे बाइटांच्या आसपास एक २६ भेटतोच. प्रत्येक तुकड्यातून तेवढं घेतलं आणि आज्ञा म्हणाली, संपलं. कॉपीनंतर स्लॅश बी लिहायचं असतं, बी म्हणजे बायनरी. एका अक्षराने बारा जीबी गिळले, आणि चूक झाली असं एका शब्दाने सांगितलं नाही. वर पडद्यावर "१ फाइल कॉपी झाली" अशी शाबासकी!

जे काम करताना एवढं पाठ ठेवावं लागतं ते काम टाळलेलंच बरं.

---

बाइटमोजणी

सगळे तुकड्यांना शिव्या घालताय, आणि दोष दुसऱ्याचाच आहे.

सरळरेघ, तुम्ही ज्या "तिथूनच पुढे चालू करणाऱ्या" साधनांचं कौतुक करताय ती आतून काय करतात? तुकडेच. बिटटॉरेंट २००१ मध्ये आलं ते फाइलचे शेकडो-हजारो तुकडे करूनच, आणि प्रत्येक तुकड्याचा एसएचए-१ ठसा (आतल्या बाइटांवरून काढलेला, एक बाइट बदलला तरी बदलणारा आकडा) टॉरेंट फाइलमध्ये आधीच लिहिलेला. तुकडा आला, ठसा जुळला तर ठेवला, नाही तर तेवढाच परत मागवला. आरसिंकसुद्धा फाइलचे ठोकळे पाडून त्यांच्या ठशांची तुलना करतो. (जाता जाता : जोडणी तुटली की आरसिंक अर्धवट फाइल पुसून टाकतो. ती राहू द्यायची तर पार्शियल हा पर्याय द्यावा लागतो. "१९९६ पासून आहे" म्हणून भरवशावर राहिलात तर रात्रभराचं काम सकाळी गायब.)

तुमच्या ओळखीच्यांचा गुन्हा तोडण्याचा नाही, ठसा न देण्याचा आहे. २४ तुकड्यांसोबत २४ ओळींची एक मजकूर फाइल हवी होती, प्रत्येक ओळीत नाव आणि एसएचए-२५६ ठसा. ठसा काढायला विंडोजमध्ये सर्टयुटिल आहे, लिनक्सवर एसएचए२५६सम, दोन्ही आधीपासून बसवलेले. शून्य बाइटचा .०१७ जोडायच्या आधीच सापडला असता आणि फक्त २ जीबी परत मागवावे लागले असते. उलट ४८ जीबीची अखंड फाइल मध्येच एका बाइटाने बिघडली असती तर? ठसा चुकला एवढंच कळलं असतं. कुठे, ते नाही. सगळी परत आणा.

शिवाय रार (झिपसारखाच फायली बांधायचा प्रकार) वापरणारे रिकव्हरी व्हॉल्यूम बनवू शकतात. .आरईव्ही फाइल एक असेल तर कुठलाही एक हरवलेला तुकडा पुन्हा तयार होतो, दोन असतील तर कुठलेही दोन. पार२ त्याच जातीचं, पाया रीड-सॉलोमनचा, म्हणजे सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं वाजतं त्यामागचं गणित. रिकव्हरी व्हॉल्यूमची चैन तुमच्या एका अखंड फाइलला मिळत नाही.

---

सरळरेघ

ठसा दिला असता तर बरं झालं असतं, यात वाद नाही. पण बघा, तुम्ही आता मला ठशांची यादी, रिकव्हरी व्हॉल्यूम आणि पार२ एवढं सांभाळायला सांगताय. टॉरेंटमध्ये हे सगळं यंत्र करतं. तुमच्या पद्धतीत माणूस करतो, आणि माणूस आळशी आहे. मला तुकडे मिळाले त्या सगळ्या वेळा मोजल्या तर सोबत ठसे आले असं एकदाही झालेलं नाही. एकदाही!

---

काठावरचा

दोन्ही बाजूंनी झिप-रारच चाललंय. मी मजकुराच्या फायलींत काम करतो, आणि तिथे तोडणं ही रोजची गोष्ट आहे. काही जीबीची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकूर फाइल) नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये पूर्ण उघडत नाही. एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी, त्यापुढे नाही. मग तोडायलाच लागते.

पण कुठे तोडता यावर सगळं आहे. बाइट मोजून तोडलीत तर ओळ मध्येच तुटते, आणि मराठी असेल तर अक्षरसुद्धा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत "क" तीन बाइटांचा. दोन या तुकड्यात, एक पुढच्यात. तुकडा उघडला की टोकाला काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसतं. नुसतं बघितलंत तर बिघडत नाही, जोडल्यावर "क" परत जागेवर येतो. पण एका सहकाऱ्याने तो तुकडा एडिटरमध्ये उघडला, काहीतरी दुसरंच दुरुस्त केलं आणि सेव्ह केला. एडिटरने त्या अर्धवट बाइटांच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून ठेवलं. आता कितीही जोडा, "क" गेला तो गेला.

लिनक्सची स्प्लिट आज्ञा काहीच सांगितलं नाही तर हजार ओळींवर तोडते, ते याच कारणाने शहाणपणाचं. पहिली ओळ शीर्षकांची असेल तर ती फक्त पहिल्या तुकड्यात येते, हे वेगळं लक्षात ठेवायचं.

म्हणून माझं मत : कायमचं तोडायचं असेल तर आशय बघून तोडा. परत जोडायचंच असेल तर तुकड्यांना हातसुद्धा लावू नका.

---

तिरकस

@काठावरचा, व्हिडिओचंही तेच. एमपी४ बाइट मोजून तोडली तर दुसरा तुकडा चालत नाही, कारण कुठलं चित्र फाइलमध्ये कुठे आहे याची यादी एकाच ठिकाणी, सुरुवातीला किंवा शेवटाला असते. आणि कॅमेऱ्याने स्वतः ४ जीबीला पाडलेल्या फायली लिनक्सच्या कॅट आज्ञेने एकापुढे एक लावल्या तर पहिलीच वाजते, पुढच्या आत असून नसल्यासारख्या. एफएफएमपेग या व्हिडिओच्या साधनाने जोडाव्या लागतात, पुन्हा एन्कोड न करता. हे जोडणं आणि ते जोडणं वेगळं, पण लोक दोन्हीला "मर्ज" म्हणतात आणि फसतात.

---

जुना गडी

फसण्यावरून आठवलं. तुकड्यांना नावं देताना पार्ट१, पार्ट२ ... पार्ट१२ अशी देऊ नका. सगळे एकदम जोडायला ताराचं चिन्ह (*) वापरलं की लिनक्सवर क्रम लागतो १, १०, ११, १२, २, ३. आकार बरोब्बर, आतला माल खिचडी. पुढे शून्य लावा, ०१, ०२. स्प्लिट स्वतः एक्सएए, एक्सएबी अशी नावं देते ते उगाच नाही. विंडोजवर फॅटचा पेनड्राइव्ह असेल तर आणखी मजा : तिथे कॉपी आज्ञा ताराच्या चिन्हाने ज्या क्रमाने फायली उचलते तो फोल्डरमध्ये त्यांची नोंद ज्या क्रमाने झाली तो, अकारविल्हे नव्हे.

सरळरेघ म्हणतील, बघा, हेच तर म्हणत होतो. म्हणा. पण गाडी चालवताना अपघात होतात म्हणून आपण चालत जात नाही.

---

सरळरेघ

गाडीची उपमा चालणार नाही. इथे रस्ता आहे, आणि तुम्ही गाडी सुटी करून पोत्यात भरून नेताय.

---

नवशिकी

वाद रंगलाय, मध्येच येते त्याबद्दल माफ करा. माझ्याकडे जुन्या फोटोंचा बॅकअप आहे, .००१ ते .०१४. एकही आकडा गाळलेला नाही. शून्य बाइटचाही कुठला नाही, आत्ताच तपासलं. सेव्हन-झिपने जोडलं, तरी आतली फाइल उघडताना "डेटा अचानक संपला" असं काहीसं म्हणतंय. ठसे अर्थातच नाहीत.

---

बाइटमोजणी

प्रत्येकाचा नेमका आकार बाइटांत बघा. विशेष करून .०१४ चा.

---

नवशिकी

सगळे १,०७,३७,४१,८२४. चौदावापण तेवढाच.

---

बाइटमोजणी

मग चौदावा शेवटचा नाही. ठरावीक आकाराने तोडलं की शेवटी उरलंसुरलं येतं, आणि ते बाकीच्यांपेक्षा लहान असतं. मूळ फाइल नेमकी १४ जीबीची असेल तरच शेवटचा भरलेला निघेल. तसं असतं तर ती उघडली असती. .०१५ कुठेतरी आहे, शोधा. लहान असेल.

---

सरळरेघ

हे मला माहीत नव्हतं. (बाजू बदललेली नाही.)

---

नवशिकी

सापडला!! .०१५, २१२ एमबी. दुसऱ्या पेनड्राइव्हवर एकटाच पडून होता, बहुतेक पहिल्यावर जागा संपली म्हणून तिकडे टाकला असेल. जोडलं, उघडलं, फोटो दिसतायत. आता हे सगळं एकाच फाइलमध्ये एक्सफॅट डिस्कवर ठेवतेय, सरळरेघ यांच्या म्हणण्याप्रमाणे.

---

जुना गडी

ठेवा. ते पंधरा तुकडे पुसले नाहीत ना अजून?

---

नवशिकी

नाही. आधी सर्टयुटिल कसं चालवायचं ते वाचतेय.