मदत हवी आहे: ओकॅमलमध्ये दोन सेट डिट्टो सेम आहेत तरी टाइप जुळत नाहीये

मंडळी, ओकॅमल (प्रोग्रामिंग भाषा) वापरणाऱ्यांनी जरा बघा, डोकं पार बाद झालंय.

प्रोग्राम छोटासाच आहे, लेखांना टॅग लावायचे आणि टॅगवरून लेख शोधायचे. लेख.एमएल मध्ये टॅगसेट नावाचं मॉड्यूल आहे, सेट.मेक ला (हा फंक्टर, म्हणजे एक मॉड्यूल घेऊन नवं मॉड्यूल देणारा) तिथल्या तिथे एक स्ट्रक्ट (मॉड्यूलचा मजकूर) देऊन बनवलेलं, आत टाइप टी = स्ट्रिंग आणि एक कंपेअर जे दोन्ही बाजू लोअरकेस करून मग तुलना करतं. शोध.एमएल मध्येही टॅगसेट आहे आणि ते अक्षरशः कॉपी पेस्ट, स्पेससकट. आता मेनमध्ये दोन्हीकडचे सेट घेऊन इंटर (दोन्हींतले सामाईक टॅग) करायला गेलो की एरर, या एक्स्प्रेशनचा टाइप शोध.टॅगसेट.टी आहे, इथे लेख.टॅगसेट.टी पाहिजे होता. अरे पण दोन्ही स्ट्रिंगचेच सेट आहेत ना! एलेमेंट्स लावून लिस्ट काढली तर दोन्हीकडून स्ट्रिंग लिस्टच मिळते, तिथे काही तक्रार नाही, मग सेटवरच का अडून बसतो हा?

मग ते स्ट्रक्ट उचलून टॅग.एमएल अशा वेगळ्या फाइलीत टाकलं, एमएलआय (बाहेर काय दिसावं ते सांगणारी फाइल) पण लिहिली, टाइप टी आणि खाली कंपेअर, बास. दोन्हीकडे सेट.मेक(टॅग) केलं. आता सेट एकमेकांशी जुळतात, पण ॲड ला साधी स्ट्रिंग दिली की म्हणतो ही स्ट्रिंग आहे, मला टॅग.टी हवा.

आणि तिसरं म्हणजे टीममधल्या एकाचा इंडेक्स.मेक म्हणून फंक्टर आहे, तो पॅरामीटर ओ घेतो, आत सेट.मेक(ओ) करतो आणि सिग्नेचरमध्ये (बाहेर काय दिसणार त्या यादीत) लिहिलंय मॉड्यूल संच : सेट.एस विथ टाइप एल्ट = ओ.टी. त्याला टॅग दिला तरी त्याचा संच माझ्या टॅगसेटशी जुळत नाही. सध्या एलेमेंट्स आणि ऑफ_लिस्ट करून इकडचं तिकडे करतोय, चालतंय, पण दर वेळी अख्खा सेट उलगडून परत बांधायचा हे काही बरं वाटत नाही. नक्की नियम काय आहे?

प्रतिसाद १

ऑब्ज.मॅजिक लावा आणि मोकळे व्हा :)

प्रतिसाद २

वरचं प्लीज ऐकू नका (ऑब्ज.मॅजिक म्हणजे टाइपची तपासणी जबरदस्तीने टाळणं), का ते खाली येतंच.

तुमचे तीन प्रॉब्लेम दिसायला सारखे आहेत पण कारणं वेगवेगळी आहेत. पहिला घ्या. ओकॅमलचे फंक्टर ॲप्लिकेटिव्ह असतात, म्हणजे तोच फंक्टर त्याच मॉड्यूलला दोनदा लावला तर बाहेर येणारे टाइप एकच धरले जातात (स्टँडर्ड एमएल मध्ये तसं नाही, तिथे दर वेळी नवा टाइप). पण "तेच मॉड्यूल" हे कंपायलर ठरवतो पाथवरून (म्हणजे मॉड्यूलच्या नावावरून), आतला कोड वाचून नाही. सेट.मेक(टॅग) ला पाथ आहे. जागच्या जागी लिहिलेल्या स्ट्रक्टला नावच नाही तर पाथ कुठून येणार, त्यामुळे तिथे दर वेळी नवाकोरा टाइप. आणि कोड वाचून ठरवणार तरी कसं, दोन फंक्शन सारखीच वागतात का हे कंपायलरला सांगता येत नाही.

आता हे एवढं कडक का. सेट म्हणजे आतून बॅलन्स्ड ट्री, कंपेअरच्या क्रमाने लावलेलं. साध्या कंपेअरने कॅपिटल झेड ९० आणि छोटा ए ९७, म्हणून कॅपिटल झेडने सुरू होणारा टॅग छोट्या ए वाल्याच्या आधी बसतो. लोअरकेसवाल्या कंपेअरने बरोबर उलटं. एका क्रमाने बांधलेल्या ट्रीमध्ये दुसऱ्या क्रमाने मेम (सेटमध्ये आहे का ते विचारणं) केलंत तर ते चुकीच्या फांदीत उतरणार आणि आत असलेला टॅग नाही म्हणून सांगणार, एरर नाही, एक्सेप्शन नाही, नुसतं फॉल्स. ऑब्ज.मॅजिकने हेच होतं, आज दोन्हीत लोअरकेस आहे म्हणून चालेल, उद्या कुणी एकीकडचं बदललं की बसा शोधत.

दुसरा प्रॉब्लेम तुमच्या एमएलआयचा. तिथे नुसतं टाइप टी लिहिलं की तो ॲबस्ट्रॅक्ट झाला, बाहेरच्यांना तो स्ट्रिंग आहे हे कळायचा मार्गच बंद. टाइप टी = स्ट्रिंग लिहा, झालं. किंवा तो मुद्दाम झाकलेलाच ठेवा आणि ऑफ_स्ट्रिंग द्या, मला पर्सनली हे जास्त आवडतं कारण ट्रिम बिम करायची एकच जागा मिळते. एमएलआय नसली तरी मॉड्यूल टॅग : सेट.ऑर्डर्डटाइप असं लिहिलं की हेच होतं, तिथे पुढे विथ टाइप टी = स्ट्रिंग जोडावं लागतं.

तिसरा थोडा खोल आहे. आत सेट.मेक(ओ) असलं तरी सिग्नेचर बाहेर फक्त एल्ट (घटकाचा टाइप) सांगतेय, सेटचा स्वतःचा टाइप टी झाकलेलाच राहिला. त्या ओळीच्या पुढे ॲंड टाइप टी = सेट.मेक(ओ).टी असं जोडा. हो, टाइपच्या जागी फंक्टर लावलेला पाथ चालतो, बऱ्याच जणांना माहीत नसतं. मग इंडेक्स.मेक(टॅग).संच.टी म्हणजे सेट.मेक(टॅग).टी हे उघड होतं आणि तुमचा टॅगसेटही तोच.

प्रतिसाद ३

यात एक ॲड करतो. मॉड्यूल ट = टॅग असं केलंत तर तो अलायस, सेट.मेक(ट) आणि सेट.मेक(टॅग) जुळतात. पण स्ट्रक्ट इन्क्लूड टॅग एंड केलंत की नवं मॉड्यूल, सेट जुळणार नाहीत, जरी टॅग.टी तोच राहिला तरी. मध्येच एखादं फंक्शन वाढवायचं म्हणून लोक इन्क्लूड करतात आणि मग इथे येऊन धागा काढतात.

आणि यूटॉपमध्ये (ओकॅमलचं इंटरॅक्टिव्ह टर्मिनल) टी/१ आणि टी/२ असं काही दिसलं तर तो वेगळा मामला, तिथे तोच टाइप परत पेस्ट केलेला असतो आणि जुन्या व्हॅल्यू जुन्या टाइपला धरून बसलेल्या असतात. त्या व्हॅल्यू परत डिफाइन करा नाहीतर सेशन बंद करून चालू करा.

धागाकर्ता

भारी! तिन्ही सुटलं, ॲंड टाइप वाली ओळ जोडल्यावर ऑफ_लिस्टचा सगळा पसारा काढून टाकला. पण आता एक गंमत बघा. त्या इंडेक्स फंक्टरच्या आत सापडला_नाही म्हणून एक्सेप्शन डिफाइन केलंय. शोध.एमएल मध्ये इंडेक्स.मेक(टॅग) आहे आणि मेनमध्येही आहे. शोधमधून ते एक्सेप्शन फेकलं जातं, मेनमध्ये ट्राय लावून सापडला_नाही पकडतोय, कंपाइल मस्त होतं आणि रन केलं की अनकॉट एक्सेप्शन. टाइप तर आता जुळतायत ना?

प्रतिसाद २

टाइप जुळतात, पण एक्सेप्शन हा टाइप नाही, ती रनटाइमला तयार होणारी गोष्ट आहे. फंक्टर लागू झाला की त्याची बॉडी खरोखर रन होते आणि प्रत्येक वेळी नवं एक्सेप्शन जन्माला येतं. दोन्हीचा टाइप ईएक्सएन (सगळ्या एक्सेप्शनचा एकच टाइप), म्हणून कंपायलर गप्प. फंक्टरच्या आत रेफ किंवा हॅशटेबल असेल तर त्याचीही अशीच दोन दोन कॉपी होते, तेही बघून घ्या.

एक्सेप्शन फंक्टरच्या बाहेर इंडेक्स.एमएल मध्ये वर काढा, किंवा सरळ ऑप्शन परत करा. आणि तसंही टॅग_इंडेक्स.एमएल अशी एक फाइल करून तिच्यात इन्क्लूड इंडेक्स.मेक(टॅग) एकदाच लिहा आणि सगळीकडे तीच वापरा.