मदत हवी आहे: २८-२८ दिवसांचं रोटेशन सोडून पुण्यातली नोकरी घ्यावी का?

गोकर्ण

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणला राहते. नवरा गेली १३ वर्षं कझाकस्तानात, अतिराऊच्या बाजूला, एका आंतरराष्ट्रीय तेल-वायू कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. २८ दिवस तिकडे, २८ दिवस घरी. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिच्याबद्दल तक्रार नाहीच, पगार एकदाही चुकलेला नाही. प्रश्न आमच्या घराचा आहे आणि महिनाभरात उत्तर कळवायचंय.

परदेशी माणसांच्या जागा हळूहळू स्थानिकांना द्यायच्या, असं तिकडचं धोरण आहे. नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला एक कझाक मुलगा आता ती जागा सांभाळायला तयार झालाय. त्याला नवऱ्यानेच तयार केलं आणि नवऱ्याला त्याचा अभिमान आहे. तर कंपनीने दोन पर्याय दिलेत. एक, याच रोटेशनवर आणखी दोन वर्षं, पुढचं काही सांगता येत नाही. दुसरा, पुण्याच्या ऑफिसात कायमची नोकरी. तिथून वेगवेगळ्या देशांतल्या प्लांटवर स्क्रीनवरून लक्ष ठेवतात म्हणे. पगार साधारण निम्मा.

नातेवाईक म्हणतात, यात विचार काय करायचा, माणूस घरी येतोय. पण ज्यांनी हे रोटेशन काढलंय त्यांनाच कळेल म्हणून इथे लिहितेय.

लोकांना वाटतं अर्धं वर्ष सुट्टी. तिकडे रोज बारा तास काम, रविवार नाही. चौदा दिवस दिवसपाळी आणि चौदा रात्रपाळी. दोन विमानं बदलून मुंबई, मग रात्रीची गाडी धरून चिपळूण. पहिले चार-पाच दिवस तो दुपारी झोपतो आणि पहाटे तीनला स्वयंपाकघरात चहा करत बसतो. शेवटचे तीन दिवस बॅग दिसली की मुलगी बोलेनाशी होते. मधले वीस दिवस खरे आमचे. त्या वीस दिवसांत मात्र तो पूर्ण आमचा असतो, हेही खरं. मुलीला पोहायला त्याने शिकवलं, सासूबाईंच्या मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं त्याने रजा न मागता करून आणली.

पण जे हुकलं तेही थोडं नाही. २०२० च्या मार्चमध्ये गेला आणि विमानं बंद झाली, तो पाच महिन्यांनी परतला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा माडीवर सासूबाई, मी आणि सहा वर्षांची मुलगी. फोन बंद. घड्याळात आमच्यात फक्त अर्ध्या तासाचा फरक आहे, पण आम्ही जिवंत आहोत हे त्याला दीड दिवसाने कळलं. त्या दीड दिवसातही त्याने पाळी केली, कारण दुसरं काय करणार. त्याबद्दल तो अजून बोलत नाही.

मुलगी आता सहावीत आहे. कालनिर्णयवर ती निळ्या पेनाने बाबांच्या दिवसांची रेघ मारते. गॅदरिंगची तारीख कळली की आधी रेघेत बसते का ते बघते.

पुण्याला जायचं तर चिपळूणचं घर बंद. सासूबाई येणार नाहीत, त्यांनी पुरानंतरही हे घर सोडलं नाही. मी इथल्या पतपेढीत नोकरी करते, तीही सोडावी लागेल. मला विचारायचंय ते असं: रोटेशन सोडून कायमचं घरी आलेल्यांचं पुढे कसं झालं? पुण्याच्या अशा ऑफिसात वेळा खरंच कशा असतात? होकार देण्याआधी कंपनीला काय विचारून घ्यावं? आणि निम्मा पगार म्हणजे हातात खरंच निम्मा येतो का, कर धरून? एवढ्या वर्षांत करांचं सगळं तोच बघतो, मला त्यातलं फारसं कळत नाही.

भरतीओहोटी

ताई, मी आधी मुंबई हायवर ठेकेदाराकडे होतो, नंतर आखातात २८-२८, एकूण १७ वर्षं. आता चार वर्षं झाली घरी.

तुमच्या नवऱ्याचं काम ज्या भागात आहे तिथलं तेल साधं नाही, हे आधी सांगतो, कारण घरच्यांना ते माहीत नसतं. तेलाबरोबर येणाऱ्या तिकडच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू भरपूर असतो. तिथल्या काशागान तेलक्षेत्रात त्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे. तिथे सप्टेंबर २०१३ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि काही आठवड्यांतच पाइपलाइनींना तडे सापडले, मग सगळ्या लाइनी बदलून २०१६ मध्ये पुन्हा सुरुवात झाली. हा वायू कमी असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला तर नाक बधिर होऊन वासच येईनासा होतो. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर डिटेक्टर आणि कमरेला मास्क. आणि दाढी ठेवायची नाही, मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. बारा तास हे भान ठेवून काम केलेल्या माणसाचे घरातले पहिले चार दिवस तसेच जाणार. त्या दिवसांत गॅस, लाइट बिल, शाळेची फी काही काढू नका. माझी बायको पाचव्या दिवशी यादी द्यायची, तेव्हापासून आमची भांडणं कमी झाली.

कंपनीला विचारायचं ते: पुण्याची नोकरी कुठल्या कंपनीच्या नावावर? तिकडची १३ वर्षं धरणार की पहिल्या दिवसापासून नवीन मोजणी? ग्रेड तोच राहणार का? तिकडचा हिशेब पूर्ण मिळाल्याशिवाय इकडे सही करू नका. आणि दोन वर्षांच्या कंत्राटात मधेच जागा गेली तर नोटीस किती दिवसांची, हे कागदावर घ्या. तोंडी आश्वासन देणारा साहेब सहा महिन्यांनी दुसऱ्या देशात गेलेला असतो.

कायमचं घरी आल्यावर पहिलं वर्ष मला जड गेलं. अठ्ठाविसाव्या दिवशी आपोआप अस्वस्थ व्हायचो, बॅग कुठे आहे बघायचो.

गोकर्ण

दाढीचं तुम्ही लिहिलंत आणि एकदम उलगडलं. यांच्या घरी नवरात्रात नऊ दिवस दाढी न करायची रीत आहे. तिकडे असताना ती मोडायची तर सासूबाईंना वाईट वाटायचं, तो फक्त ‘कंपनीचा नियम आहे’ एवढंच म्हणायचा. वायूचं कधी बोलला नाही. आज त्यांना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या, मग देवापाशी गेल्या.

हिशेबनीस

कराबद्दल. मी सी.ए. आहे, पण तुमचे कागद पाहिल्याशिवाय हा सल्ला अंतिम धरू नका.

रोटेशनवाले बहुतेक जण स्वतःला एनआरआय (अनिवासी) समजतात आणि तिथेच चूक होते. आर्थिक वर्षात भारतात १८२ किंवा जास्त दिवस राहिलं की माणूस करासाठी निवासी होतो. २८-२८ मध्ये वर्षाचे निम्मे दिवस म्हणजे १८२-१८३, अगदी काठावर. जायचा दिवस इथला धरतात, यायचा दिवस धरायचा की नाही यावर वादही झालेत. म्हणजे एक विमान उशिरा सुटलं तरी वर्ष बदलतं. निवासी ठरला की तिकडचा पगारही इथे करपात्र. कझाकस्तानशी आपला दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे तिकडे कापलेल्या कराचं श्रेय मिळतं, पण तिकडचं कर भरल्याचं प्रमाणपत्र हवं आणि रिटर्न वेळेत हवं. तिकडे बँक खातं असेल तर ते परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवलंय का, हे आजच बघा. हे राहून गेलेली बरीच माणसं माझ्याकडे येतात.

दुसरं, आखातातून परतलेले लोक सांगतील की परत आल्यावर दोन-तीन वर्षं परदेशी उत्पन्नावर सवलत मिळते. ती तुम्हाला बहुधा लागू नाही. त्यासाठी आधीच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ किंवा त्याहून कमी हवेत, किंवा दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असायला हवं. तुमच्या घरी सात वर्षांत बाराशेच्या वर दिवस होतात.

म्हणून ‘निम्मा पगार’ हा आकडा दोन्हीकडचा कर वजा करून पुन्हा मांडा. आणि पासपोर्टावरचे शिक्के, बोर्डिंग पास फेकू नका.

उत्तररात्र

मी पुण्यात अशाच एका ऊर्जा कंपनीच्या केंद्रात आहे, सात वर्षं. वेळांबद्दल नीट विचारून घ्या, कारण तुमचा सगळा निर्णय त्यावर आहे.

इथे दोन प्रकार आहेत. पहिला ब्रिटनच्या घड्याळावर चालणारा. उन्हाळ्यात दुपारी दीड ते रात्री साडेदहा. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की आमची पाळी अडीच ते साडेअकरा होते आणि मार्चअखेर परत दीड ते साडेदहा. घरून बारा-साडेबाराला निघायचं, रात्री पोचेपर्यंत सगळे झोपलेले. माझा मुलगा पावणेसातच्या बसने शाळेत जातो, अडीचला येतो. सोमवार ते शुक्रवार आम्ही एकमेकांना जागेपणी पाऊण तास भेटतो, तोही मी मुद्दाम सहाला उठतो म्हणून. तुमच्या मुलीला वर्षातले १८२ दिवस बाबा मिळतात, ते पूर्ण दिवस आहेत. ही बेरीज पगाराच्या बेरजेइतकीच काळजीपूर्वक करा.

दुसरा प्रकार चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या टीमचा. बारा तासांची पाळी, चार दिवस काम आणि चार दिवस सुट्टी, रात्रपाळीसकट. तुमच्या वर्णनावरून ही जागा तशी वाटते. रोटेशनची सवय असलेल्यांना हे जास्त मानवतं, आणि चार दिवसांच्या सुट्टीत चिपळूण होतं. मग घर बंद करायचं कारण राहतं का, तेही बघा.

कामाच्या बाजूने एक सांगतो. ज्याने वीस वर्षं व्हॉल्व्हला हात लावलाय त्याला स्क्रीनवरचा आकडा वाचून खरं काय बिघडलंय ते कळतं. आमच्या टीममध्ये अशी दोनच माणसं आहेत आणि रात्री काही झालं की सगळे त्यांनाच शोधतात. तुमच्या नवऱ्याला इथे मान मिळेल.

पारिजात

गोकर्ण, मी तुझ्याच जागी होते. नवरा परतला त्याला तीन वर्षं झाली. मला वाटलं होतं की आता सुटले. पण तेरा वर्षं तू एकटीने निर्णय घेतेस, दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत. तो घरी आला की प्रत्येक गोष्टीत दुसरं मत येतं आणि ते मत बरोबर असलं तरी राग येतो. आमचे पहिले आठ महिने वाईट गेले. मग ठरवलं की बँक आणि गाडी त्याची, शाळा आणि स्वयंपाकघर माझं, आणि सासरे दोघांचे. आता बरं आहे.

तुझी नोकरी मात्र लगेच सोडू नकोस. बिनपगारी रजा मिळते का बघ. मी सोडली होती, ती परत मिळाली नाही, आणि त्या आठ महिन्यांत मला सकाळी जायला स्वतःची अशी एक जागा हवी होती.

गोकर्ण

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तररात्र, तुमचा प्रतिसाद मी त्याला फोनवर वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, अडीच ते साडेअकरा असेल तर मी इथेच बरा. त्याने एचआरला मेल केलाय: पाळी कुठली, कंपनी कुठली, जुनी वर्षं धरणार का. हिशेबनीस, तिकडचं खातं रिटर्नमध्ये दाखवलेलं आहे, मी कागद काढून पाहिले. पतपेढीत सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज करता येतो असं व्यवस्थापकांनी सांगितलंय.

तो गुरुवारी यायचा होता. त्याच्या बॅक-टू-बॅकची, म्हणजे हा घरी असताना तिकडे त्याची जागा सांभाळणाऱ्याची, तब्येत बिघडलीय, त्यामुळे आठवडा लांबला. मुलीने निळी रेघ खोडून पुढे ओढली. आला की पहिले चार दिवस मी विषय काढणार नाही.

तोवर पुण्यात चार-चार दिवसांच्या पाळीत काम करणारे कुणी असतील, ज्यांचं घर गावाकडे आहे, त्यांनी जरूर लिहा. गाडीने येणं-जाणं कसं जमतं आणि रात्रपाळी संपवून लगेच निघता का, एवढं कळलं तरी चालेल.