स्टॅट्सचे निकाल: बरेच रिजेक्ट, एक वेटलिस्ट, एक विनाफंडिंग एमएस. डिपॉझिट भरू का?

वाशी_स्लो

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलचक होणारे, आधीच सांगते. मी मुंबई विद्यापीठातून स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी केलंय, जुनं तीन वर्षांचं, मार्क चांगले आहेत. त्यानंतर अंधेरीला एका कंपनीत क्रेडिट रिस्कमध्ये अ‍ॅनालिस्ट आहे. या वर्षी अमेरिकेत स्टॅट्सच्या पीएचडीला अर्ज केले आणि फेब्रुवारीपासून एकेक करून नकार येतायत. एका ठिकाणी तर तीन वर्षांची डिग्री चालतच नाही असं कळवलं, म्हणजे अर्जाची फी वाया. एका युनिव्हर्सिटीने वेटलिस्टवर ठेवलंय. आणि एकीने पीएचडीला नाही म्हटलं पण "तुमचा अर्ज आम्ही एमएससाठी विचारात घेतला, अभिनंदन" असं पत्र पाठवलंय, त्यात फंडिंगचं नावही नाही. या एमएसचं डिपॉझिट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरायचंय. पण सगळीकडे तर वाचते की १५ एप्रिलपर्यंत कोणी उत्तर मागू शकत नाही, मग हे कसं?

बाबा म्हणतात लोन काढू, अमेरिकेचं अ‍ॅडमिशन कोणी सोडतं का. आई काहीच बोलत नाही, ते जास्त टेन्शन. फेब्रुवारीत जॅम (आयआयटीच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) पण दिलीय मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सची, पेपर बरा गेला, रिझल्ट यायचाय. आयएसआयचा (कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) फॉर्म भरावा का तेही ठरत नाहीये. सध्या ऑफिसात दर दहा मिनिटांनी ग्रॅडकॅफे (जिथे मुलं आपापले निकाल टाकतात ती साइट) रिफ्रेश करते, काम शून्य. माझ्यात पीएचडीचा दम नाही असाच याचा अर्थ घ्यायचा का? प्रामाणिकपणे सांगा प्लीज.

आयोवा_ची_थंडी

आधी ग्रॅडकॅफे बंद कर. स्टॅट्सची मुलगी ना तू? तिथे कोण लिहितं, ज्याला लागलं तो उड्या मारत आणि ज्याचं काहीच नाही झालं तो रडत, मधले सगळे गप्प. इतका सिलेक्शन बायस असलेल्या सॅम्पलवरून स्वतःबद्दल इन्फरन्स काढतेस?

दुसरं म्हणजे हे निकाल इंडिपेंडंट नसतात. सगळे असाच हिशोब करतात की एका ठिकाणी १० टक्के चान्स धरला आणि आठ अर्ज टाकले तर निदान एक तरी लागण्याची शक्यता ५७ टक्के. पण आठही ठिकाणी तीच ट्रान्सक्रिप्ट, तीच तीन शिफारसपत्रं, तोच एसओपी (स्वतःबद्दलचा निबंध) जातो, त्यामुळे एकाला जे खटकलं ते बाकीच्यांनाही खटकणारच. म्हणजे रांगेने आलेले नकार हे आठ वेगवेगळे पुरावे नाहीत, बऱ्याच अंशी एकच पुरावा पुन्हापुन्हा मोजला जातोय. शिवाय २०२५ पासून इथे रिसर्चच्या पैशाला कात्री लागलीय, बऱ्याच विद्यापीठांनी पीएचडीच्या जागाच कमी केल्यात. तुझ्या दमाचा त्यात काय संबंध.

१५ एप्रिलचं सांगतो. तो काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव आहे आणि तो फक्त पैशासकट दिलेल्या ऑफरला लागू होतो, म्हणजे स्टायपेंड, असिस्टंटशिप, फेलोशिप वगैरे. आणि तोही ज्या विद्यापीठांनी त्यावर सही केलीय त्यांनाच. तुझ्या एमएसला फंडिंगच नाही, त्यामुळे ते त्यांना हवी ती तारीख देऊ शकतात, त्यात बेकायदा काही नाही. पण मुदत वाढवून मागता येते! साधं लिही की अजून एका विद्यापीठाचा निर्णय १५ एप्रिलच्या आसपास येणार आहे, तोवर थांबाल का. दिली तर दिली, नाही तर गेलं काय.

आता वेटलिस्ट. ही कोकण रेल्वेची गणपतीतली वेटिंग नाहीये की डब्ल्यूएल ४० वरून १२ वर आलं असं रोज बघता येईल. बहुतेक ठिकाणी नंबर सांगतच नाहीत, कित्येकदा नंबर नसतोच. ज्यांच्याकडे तीन-चार ऑफर आहेत ते शेवटपर्यंत धरून बसतात आणि मग धडाधड सोडतात, म्हणून हालचाल होते ती १० ते १५ एप्रिलमध्ये. त्या दिवसांत फोन आणि स्पॅम फोल्डर दोन्ही बघत जा. मध्य अमेरिकेत १५ तारखेचे संध्याकाळचे पाच म्हणजे तुझ्याकडे १६ च्या पहाटेचे साडेतीन, हे घरी सांगून ठेव नाहीतर आई घाबरेल.

मुलुंडकर

मी बँकेत आहे, लोनचं टेबल माझ्याकडे नाही पण रोज शेजारी बघतो. बेटा, बाबांना कागद-पेन घेऊन बसव. तुझ्या पत्रातली ट्यूशन आणि राहण्याचा खर्च दोन वर्षांचा मिळून किती होतो ते लिही. समजा ६० लाख काढले, साडेदहा टक्क्याने, १० वर्षांसाठी. हप्ता बसतो महिना ८१ हजारच्या आसपास. आणि हा हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो असं सगळे खुशीत सांगतात पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं, पूर्ण रक्कम उचलली की वर्षाला ६ लाख ३० हजार नुसतं व्याज. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँक सहसा तारण मागते, काही नामांकित विद्यापीठांची यादी असते त्यांना सवलत मिळते, तुझ्या विद्यापीठाचं नाव त्यात आहे का ते शाखेत विचार. तारण म्हणजे बहुतेक वाशीचा फ्लॅटच असणार ना? आई गप्प का आहे ते कळलं का आता?

इन्कम टॅक्समध्ये एज्युकेशन लोनच्या व्याजाची वजावट मिळते पण ती जुन्या टॅक्स रेजीममध्येच. आणि जायचंच ठरलं तर बँकेच्या आधी जे. एन. टाटा एंडोमेंट बघ, आपल्या मुंबईतलीच संस्था, १८९२ पासून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना लोन स्कॉलरशिप देते. के. सी. महिंद्रा ट्रस्टची पण आहे, बिनव्याजी. दोघांच्या अर्जाच्या तारखा लवकर निघून जातात.

एमएसवाला_मी

मी जरा उलटं बोलतो, शिव्या घाला. मी असंच पैसे भरून एमएस केलं, सरकारी विद्यापीठातून, आज नोकरी आहे आणि लोन फिटत आलंय. स्टॅट्स स्टेममध्ये येतं म्हणून ओपीटी (शिकून झाल्यावर तिथे काम करायची परवानगी) १२ अधिक २४ अशी ३६ महिने मिळते. शिवाय एमएस करताना तिथल्या प्रोफेसरांच्या पीएचडीच्या कोर्सेसना बसता येतं, मेझर थिअरी (प्रोबॅबिलिटीचा गणिती पाया), प्रोबॅबिलिटी, आणि त्यांचं पत्र मिळालं की पुढच्या पीएचडी अर्जाला वेगळीच धार येते. माझ्या बॅचची काही मुलं तशीच त्याच डिपार्टमेंटला पीएचडीला लागली. त्यामुळे एमएस म्हणजे सरसकट विद्यापीठाची कमाईच असं म्हणू नका.

मुलुंडकर

@एमएसवाला_मी तुम्ही कुठल्या साली गेलात ते पण सांगा की. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर १ लाख डॉलरची फी लावली, ते धरून आजचा हिशोब करा. तुमचा हिशोब तुमच्या वेळचा बरोबर असेल, नाही म्हणत नाही.

एमएसवाला_मी

मान्य, मी त्याच्या बऱ्याच आधी गेलो. तरी डिपार्टमेंटला एक प्रश्न विचारच @वाशी_स्लो: एमएसच्या मुलांना टीए (शिकवण्यात मदत) किंवा ग्रेडरचं (पेपर तपासणी) काम मिळतं का, आणि दुसऱ्या वर्षी किती जणांना मिळतं. "सम स्टुडंट्स मे" असं गोलमोल उत्तर आलं तर मिळत नाही असंच समज.

सिग्मा_काकू

मी मुंबईत एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, बरीच पत्रं लिहिली आहेत त्यामुळे त्याबद्दलच बोलते. अगं, तुझे मार्क चांगले आहेत पण ट्रान्सक्रिप्टवर रिअल अ‍ॅनालिसिस किती आहे? आपल्याकडे बीएस्सीला स्टॅट्स मुख्य घेतलं की शेवटच्या वर्षी गणित बऱ्याचदा सुटतं, आणि पीएचडीची कमिटी नेमकं तेच शोधते. एप्सिलॉन-डेल्टा लावून सिद्धता लिहिता येते का, लिनियर अल्जेब्रा नुसती मॅट्रिक्स गुणण्यापुरती आहे की व्हेक्टर स्पेसपर्यंत गेलीय. क्रेडिट रिस्कमधली लॉजिस्टिक रिग्रेशनची मॉडेल्स त्यांना फार हलवत नाहीत, मास्टर्सच्या कमिटीला आवडतात. एसओपीत कामाबद्दल दीड पान आणि गणिताबद्दल चार ओळी असतील तर वाचणारा काय समजेल?

पत्रांचं तर विचारूच नकोस. एक मॅनेजरचं, दोन सरांची, आणि त्या दोघांतल्या एकाने "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हटलेलं असतं. वाचणाऱ्याला लगेच कळतं की तिन्ही पत्रं एकाच हाताची आहेत. "शी इज हार्डवर्किंग अँड सिन्सिअर" हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा वाचलंय! त्यापेक्षा ज्या मॅडमने तुला अवघड पेपर शिकवला त्यांना भेट, तुझी जुनी असाइनमेंट घेऊन जा, आणि म्हण की यावर लिहा. दोन परिच्छेद लिहिले तरी चालतील पण त्यात तू सोडवलेलं एखादं गणित असू दे. पुढच्या वेळी अर्ज केलास तर एनपीटीईएलवर (आयआयटीचे ऑनलाइन कोर्स) रिअल अ‍ॅनालिसिसचा कोर्स करून परीक्षा केंद्रावर जाऊन दे, अगदी पूर्ण भरपाई नाही पण काहीतरी कागद हातात राहतो.

बीटी_रोड

आयएसआयचा फॉर्म भर, भर, भर. फॉर्मची मुदत संपायच्या आत साइट बघ, परीक्षा साधारण मे मध्ये असते. मी एमस्टॅट (स्टॅट्सची मास्टर्स) तिथूनच केलं. फी नाही आणि वर दरमहा विद्यावेतन मिळतं, म्हणजे मुलुंडकर काकांच्या हप्त्याच्या बरोबर उलट्या दिशेने पैसा. मोहरीच्या तेलाची सवय व्हायला एक सेमिस्टर जातं, मला अजून झालेली नाही.

आणि हे "इथेच राहिले" वगैरे डोक्यात आणू नकोस. तुझ्या अर्जात जी कमी आहे असं काकू म्हणतायत ना, ती नेमकी तिथे भरून निघते. अ‍ॅनालिसिस, मेझर थिअरी, पाया इतका पक्का करून घेतात की अमेरिकेतल्या डिपार्टमेंट्सना आयएसआय म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही, आणि तीन अधिक दोन अशी पाच वर्षं झाली की डिग्रीची लांबी पण कोणी विचारत नाही. जॅममधून पवई किंवा कानपूर लागलं तरी तेच. पवई तर तुला घरून अप-डाऊन करण्यासारखी आहे, जरा कंटाळवाणी पण होईल.

जॅमपेक्षा आयएसआयचा पेपर वेगळा असतो. दोन भाग, एक ऑब्जेक्टिव्ह आणि एक लिहून सोडवायचा. दुसऱ्यात उत्तर बरोबर येऊन भागत नाही, पायऱ्या पटल्या पाहिजेत. जुने पेपर त्यांच्याच साइटवर आहेत.

म्युनिकर

जर्मनी कोणीच बोललं नाही म्हणून. इथे म्युनिकच्या एलएमयू विद्यापीठात मास्टर्स आहे स्टॅटिस्टिक्स अँड डेटा सायन्सचं, ट्यूशन नाही. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेले पैसे) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि एपीएस सर्टिफिकेट (आपली कागदपत्रं तपासल्याचं) आधी काढावं लागतं, त्याला वेळ जातो म्हणून या वर्षीसाठी आताच हालचाल कर. घर मिळणं हा वेगळा विषय, त्यावर नंतर कधीतरी रडेन.

वाशी_स्लो

बापरे, इतकं कोणी लिहिल असं वाटलं नव्हतं. थँक्यू सगळ्यांना. काकू, अ‍ॅनालिसिसचा एकच पेपर आहे माझा, आणि एसओपीचं तुम्ही न वाचता बरोबर ओळखलंत. बाबांना मुलुंडकर काकांचा हिशोब वाचून दाखवला, ते म्हणाले बँकवाले असंच घाबरवतात, पण नंतर स्वतःच कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. एमएसवाल्यांना डिपॉझिटची मुदत वाढवून मागितलीय आणि टीएचं पण विचारलंय. वेटलिस्टवाल्यांना मेल करायचाय पण काय लिहू? गयावया केल्यासारखं वाटेल का?

आयोवा_ची_थंडी

चार ओळी पुरे. एक, तुमचा प्रोग्राम माझी पहिली पसंती आहे (खरंच असेल तरच लिही, ही मंडळी एकमेकांना ओळखतात). दोन, अर्जानंतर काय नवीन झालं, जॅमचा रँक चांगला आला तर टाक, तो काय असतो ते अर्ध्या वाक्यात सांग. तीन, तिथल्या कोणाच्या कामात रस आहे आणि का, पण कौतुक नको, विषय लिही. चार, जागा निघाली तर फंडिंगसकट असेल का. हा चौथा प्रश्न विचारायला आपली मुलं लाजतात, लाजू नकोस, पीएचडीला फंडिंग नसेल तर जाऊच नये या मताचा मी आहे. ग्रॅज्युएट डायरेक्टरला पाठव आणि दर आठवड्याला आठवण करू नकोस, एकदाच.

जाता जाता, बीटी_रोडने आयएसआयचं पुराण लावलंच आहे तर मीही लावतो. पुणे विद्यापीठातला स्टॅट्सचा विभाग १९५३ साली उभा करणारे हुजूरबाजार सर कोल्हापूरचे, पीएचडी केंब्रिजला केलेली, आणि पुढे ते इथे आयोवा स्टेटला शिकवत होते. तेव्हा मुंबईहून कोलकात्याला जाऊन मग इकडे येणं हा काही फार लांबचा रस्ता नाही.

बीटी_रोड

@वाशी_स्लो फॉर्म भरला का? भरला असशील तर जुने पेपर मागच्या वर्षापासून उलट सोडवत ये. ऑर्डर स्टॅटिस्टिक्स आणि कंडिशनल एक्स्पेक्टेशनवर अडलीस की इथेच टाक. कॉम्बिनेटोरिक्स काकूंना विचार, माझं कच्चं आहे.