राउटरवर व्हीपीएन चालू, तरी आयएसपीचा आयपीव्ही६ पत्ता दिसतो आणि फोटो अडकतात

कळफलक (प्रश्न):
ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर) असलेल्या राउटरवर वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) लावलं आहे, जोडणी पीपीपीओईची (युजरनेम-पासवर्डने लागणारी). आयपी दाखवणाऱ्या साइटवर व्ही४ पत्ता व्हीपीएनचा येतो, पण व्ही६ आयएसपीचाच (नेट देणाऱ्या कंपनीचा). काही साइट अर्ध्या उघडून थांबतात. चॅटमधला मजकूर जातो, फोटो अडकतो. लाइट जाऊन आली की टनेल (व्हीपीएन सर्व्हरपर्यंतची बंद वाट) जोडला जात नाही. तो बंद करून पाच मिनिटांनी चालू केला की जोडला जातो. आणि एवढं करून घरातलं ब्राउझिंग खरंच खासगी राहतं का?

पाकिटमार:
आधी व्ही६. वायरगार्डच्या सेटिंगमध्ये पीअरखाली (म्हणजे समोरच्या सर्व्हरच्या नोंदीत) ‘अलाउड आयपीज’ बघा, टनेलमधून कोणते पत्ते जातील ते तिथे ठरतं. तिथे फक्त ०.०.०.०/० (सगळे व्ही४ पत्ते) असेल तर व्ही४ टनेलमधून जातं आणि व्ही६ सरळ वॅनने (आयएसपीकडच्या बाजूने) बाहेर पडतं. तुमच्या व्हीपीएन सेवेने व्ही६ पत्ता दिला असेल तर तो वायरगार्डच्या इंटरफेसला लावा आणि ::/० (सगळे व्ही६ पत्ते) जोडा. दिला नसेल तर लॅनवर (घरच्या नेटवर्कवर) व्ही६ बंद करा, अर्धवट ठेवू नका.

मग फायरवॉल. लॅन झोनचं वॅनकडे असलेलं फॉरवर्डिंग (वाहतूक पुढे सोडायची परवानगी) काढा, फक्त व्हीपीएन झोनकडे ठेवा. टनेल पडला की नेटच बंद, उघड्यावर काही जात नाही. फक्त रूटवर (वाहतूक कुठून जायची त्या नोंदीवर) भिस्त ठेवली तर टनेलचा इंटरफेस बंद पडताच रूट निघून जातो आणि सगळं गुपचूप आयएसपीकडून वाहू लागतं; कोणाच्या लक्षातही येत नाही.

डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) विसरू नका. वॅनवर आयएसपीचा डीएनएस आपोआप घेण्याचा पर्याय बंद करून व्हीपीएनचा डीएनएस द्या. पण मग पीअरच्या ‘एंडपॉइंट’मध्ये सर्व्हरचं नाव न लिहिता आयपी लिहा. नाहीतर नाव सोडवायला टनेल हवा आणि टनेलला नाव हवं.

तळघर:
फोटो अडकतो तो एमटीयूमुळे (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये). छोटी पॅकेट जातात, मोठी मरतात. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू १४२०. सर्व्हरशी जोडणी व्ही६वरून असेल तर वेष्टनाचे ८० बाइट धरून १५०० होतात, आणि पीपीपीओईत जागा १४९२चीच. मग तुकडे होतात आणि ते वाटेत गळतात. एमटीयू १४१२ करा, व्हीपीएन झोनवर एमएसएस क्लॅम्पिंग (दोन्ही टोकांना छोटी पॅकेट पाठवायला लावणारा पर्याय) चालू करा.

खात्री अशी: बदल करण्याआधी संगणकावरून, तुकडे न करण्याची खूण लावून, व्ही४ पत्त्यावर १३८० बाइटचा पिंग पाठवा (हेडरचे २८ धरून १४०८; वायरगार्ड पॅकेट १६च्या पटीत भरून घेतं म्हणून १४१२ नको), मग १३९२चा. पहिल्याला उत्तर आलं आणि दुसरा नुसता टाइमआउट झाला तर निदान पक्कं. पहिलाही अडला तर एमटीयू १२८०पर्यंत उतरवत जा, त्याखाली नको. व्ही६ला किमान तेवढा लागतोच.

पाकिटमार:
लाइटचा घोळ घड्याळाचा दिसतो. बहुतेक घरगुती राउटरमध्ये घड्याळाला बॅटरी नसते, त्यामुळे तो जुनी वेळ घेऊन उठतो. वायरगार्डच्या पहिल्या संदेशात वेळेचा शिक्का असतो, आणि तुमच्या कीकडून (ज्या किल्लीने सर्व्हर तुम्हाला ओळखतो) आधी आलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का सर्व्हर मुकाट्याने टाकून देतो. लक्षण ठरलेलं: पाठवलेले बाइट वाढतात, आलेले शून्यावर. वेळ दुरुस्त करायला एनटीपी (नेटवरून वेळ आणणारी सेवा) हवं, पण डिफॉल्ट रूट न जुळलेल्या टनेलकडे वळलेला! टनेल बंद केला की वेळ वॅनवरून येते, म्हणून पाच मिनिटांनी जमतं. एनटीपी सर्व्हर नावाऐवजी आयपीने द्या आणि त्या पत्त्यासाठी वॅनवरून वेगळा स्टॅटिक रूट टाका.

कळफलक:
अलाउड आयपीजमध्ये खरंच एकच ओळ होती. व्ही६ आणि फोटो दोन्ही सुटले. पण वेग निम्मा झाला.

तळघर:
व्हीपीएनची तीच सेटिंग फाइल लॅपटॉपवर चालवून बघा, राउटरवरचा टनेल आधी बंद करून. एकच की दोन ठिकाणी चालली की दोघं एकमेकांना ढकलत बसतात. लॅपटॉपवर पूर्ण वेग आला तर राउटरचा प्रोसेसर कमी पडतोय. हार्डवेअर ऑफलोडिंगचा (पॅकेट पुढे ढकलायचं काम प्रोसेसरऐवजी वेगळ्या भागाकडे देण्याचा) टनेलमधल्या वाहतुकीला उपयोग होत नाही, एन्क्रिप्शन त्या बिचाऱ्या चिपलाच करावं लागतं. ओपनव्हीपीएनवर (व्हीपीएनचा दुसरा प्रकार) गेलात तर बहुधा आणखी हळू होईल.

खासगीपणाचं म्हणाल तर आयएसपीला आता फक्त सर्व्हरचा पत्ता, वेळ आणि डेटा किती गेला हे दिसतं. कोणत्या साइटला गेलात हे आधी त्याला दिसायचं, ते आता व्हीपीएनवाल्याला. लॉगिन केलेल्या साइट आणि कुकीज तुम्हाला तसंही ओळखतात. फिशिंगच्या लिंकवर तर व्हीपीएनचा काडीचा उपयोग नाही. आणि फोन वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेला की राउटरचा टनेल त्याच्या कामाचा नाही. त्यात वेगळी की घालून ॲप टाका.