'ऑरगॅनिक आर्किटेक्चर'ला मराठीत काय म्हणाल?

लेक आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट म्हणून पवईत एक सायन्स-टेक्नॉलॉजी कॅम्पस डिझाइन करतेय आणि शीटवर शीर्षक मराठीतच देणार म्हणतेय. "सेंद्रिय वास्तुकला" लिहिलं तर सासूबाईंनी विचारलं, शेणामातीनं बांधणार का गं? त्यांचं तरी काय चुकलं, सेंद्रिय म्हटलं की गूळ, तांदूळ नाहीतर खताची पिशवीच आठवते. जैविक, नैसर्गिक, निसर्गप्रेरित सगळं लिहून खोडून झालं. सुचवा ना.

– जैविक नकोच, हॉस्पिटलचा कचरा डोळ्यासमोर येतो.

– ताई, सेंद्रिय शब्द इतका टाकाऊ नाहीये हो. स + इंद्रिय, शाळेत निरिंद्रिय शिकलो त्याच्या उलट. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट ऑरगॅनिक म्हणायचे ते याच अर्थानं, भागाचं पूर्ण इमारतीशी आणि इमारतीचं जागेशी शरीरासारखं नातं हवं. त्यांचं पेनसिल्व्हेनियातलं फॉलिंगवॉटर हे घर बघा, १९३०च्या दशकातलं, थेट धबधब्यावर उभं, दगड तिथल्याच जमिनीतला, पण आकार म्हणाल तर सरळ काटकोनी काँक्रीटचे सज्जे. म्हणजे पानाफुलांसारखी वळणं काढली की झालं ऑरगॅनिक, असं अजिबात नाही.

– बरोबर, म्हणून निसर्गप्रेरित हा शब्द वेगळ्या कामासाठी राखून ठेवा. झिम्बाब्वेतल्या हरारेचं ईस्टगेट सेंटर, दुकानं-ऑफिसांची इमारत, १९९६ सालची, वारुळात हवा कशी खेळते त्यावरून केलीय, रात्रीची गार हवा आत ओढून काँक्रीट थंड करायचं नि दिवसा तो गारवा वापरायचा. ते निसर्गप्रेरित. पण मुलीला सांगा हे पवईत जसंच्या तसं उचलू नकोस, हरारे उंचावर आहे, रात्री गारठतं, आपल्याकडे मे महिन्यात रात्री दोनलाही घाम निथळतो. इथे पावसाळी वारा, खोल पडव्या, पागोळ्या यांचा विचार आधी.

– मी 'सावयव' सुचवेन, स + अवयव, म्हणजे अवयव असलेलं. वास्तुकार अच्युत कानविंदे आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे, शिकले मुंबईत जेजेला, त्यांनी आयआयटी कानपूरच्या इमारती सावलीच्या वाटांनी जोडल्यात, लॅब, लायब्ररी, वर्ग सगळं एका अंगाला हातपाय असल्यासारखं. कॅम्पसला हाच शब्द शोभतो.

– सावयव कुणाला कळणार? 'एकजीव' म्हणा की! पीठ एकजीव झालं आपण रोज म्हणतो.

– एकजीव गोड आहे, पण त्यात पीठ वेगळं नि पाणी वेगळं राहत नाही, इथे तर हात हातच राहायला हवा आणि तरी शरीराचा हवा. बोलताना एकजीव चालेल, शीर्षकाला सावयवच.

– सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीनं 'सावयव विज्ञानसंकुल' लिहिलंय आणि खालच्या ओळीत 'पाऊस, वारा, झाडं आणि इमारत एकजीव'. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या हे कळलं, आता पडवी कुठे आहे ते दाखव.