पहिली ते चौथी एकाच खोलीत, मराठी माध्यम. शिकवायचं साहित्य कुठून आणता?

सत्तरीची_टीचर
नमस्कार सगळ्यांना. मी गोव्यात सत्तरी तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळेत आहे, मराठी माध्यम, चारही इयत्ता एकाच खोलीत आणि शिकवणारी मी एकटी. नेटवर्क शाळेच्या मागे पेरूच्या झाडाखाली उभं राहिलं तर येतं नाहीतर नाही, त्यामुळे वर्गात यूट्यूब लावा असं प्लीज कोणी सांगू नका. घरी वायफाय आहे, शाळेत एक जुना लॅपटॉप. सर्च केलं की ढीगभर वर्कशीटं येतात पण अर्धी मशीननं मराठी केलेली, एक वाक्य सरळ नाही, आणि उरलेल्यांत ज्वारीची शेतं, दुष्काळ, एसटी स्टँड. आमच्या पोरांना कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, विचारा, तासभर बोलतील. मला दोन गोष्टी पाहिजेत. मी चौथीला शिकवत असताना पहिली-दुसरीला आपापलं वाचत बसता येईल असं काहीतरी, आणि परिसर अभ्यासाला आपल्याकडचं काही. फुकट असेल तर बरं, प्रिंटचे पैसे माझ्याच पर्समधून जातात.

गुरुजी_डिचोली
टीचर, वाचनासाठी स्टोरीवीव्हर बघा. प्रथम बुक्सनी 2015 मध्ये सुरू केलेली साइट, भाषा मराठी निवडा आणि वाचनाच्या चार पातळ्या आहेत त्यातली हवी ती. तुमच्यासारख्या वर्गाला हेच सोयीचं, इयत्ता बघायची नाही, पोर कुठपर्यंत वाचतं ते बघायचं आणि पुस्तक द्यायचं. घरून पीडीएफ उतरवून लॅपटॉपवर ठेवा. तिथल्या बहुतेक गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सवर आहेत म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव तसंच ठेवून, बदल केलाय म्हणून लिहून, तुम्ही मजकूर बदलू शकता. मी गोष्टीतला भाजीवाला काढून पदेर (पाववाला) घातला, सायकल, पों पों हॉर्न, उंडे (पाव) सगळं आलं, मग काय विचारता. कोंकणीतल्या गोष्टीही आहेत, घरी कोंकणी बोलणाऱ्या पहिलीच्या पोरांना सुरवातीला त्याच द्या, मराठी माध्यम म्हणून लाजू नका.

आणि परिसर अभ्यासाचं एक सहसा कोणी सांगत नाही. बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यास जिल्हावार निघालेलं आहे, पुण्याचं वेगळं, नाशिकचं वेगळं. त्यातलं सिंधुदुर्ग जिल्ह्याचं शोधा. भात, नारळ, काजू, समुद्र, सगळं आपल्यासारखंच. फक्त वाचायला आणि कल्पना घ्यायला हां, ते कॉपीराइटवालं आहे, कापून-चिकटवून आपल्या नावावर वाटू नका.

चोडणकार
गुरुजींचं बरोबर आहे पण मला या पीडीएफ जमवण्याचाच थोडा राग येतो, पेनड्राइव्ह भरतो आणि वर्गात खडू-फळाच चालतो. परिसर अभ्यासाला परिसर सोडून नेटवर काय शोधायचं? आमच्याकडे चोडणला खाजन आहे, म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, त्या बांधातल्या मानशीचं (पाणी आत-बाहेर सोडायच्या जागेचं) दार कसं चालतं ते मी टबात दाखवतो. मध्ये थर्माकोलची भिंत, तिला भोक, भोकावर नदीच्या बाजूला प्लास्टिकची झडप, फक्त वरच्या कडेनं चिकटवलेली. नदीच्या बाजूला पाणी वाढवलं की भरती, झडप दाबून बंद होते आणि खारं पाणी शेतात येत नाही, नदीकडचं कमी केलं की ओहोटी, शेतातलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. कोणी माणूस लागत नाही दार लावायला. भरती-ओहोटी, पाण्याचा दाब, भातशेती, एका टबात तीन धडे मरे!

तुमच्या सत्तरीत खाजन नाही पण म्हादईच्या पात्रातली पुरण शेती आहे, अंजुणे धरण आहे. आणि चवथ येतेय तर माटोळी घ्या, गणपतीच्या वर फळं-रानफळं टांगतात ती. आंबाडे, करमलां, कांगल्यो, चिबूड, सुपारीचा कात्रो, प्रत्येक पोराला घरच्या माटोळीतलं एकेक विचारून यायला सांगा, नाव काय, कुठे मिळालं, झाड की वेल, रानातलं की परसातलं. चौथीवाले तक्ता करतील, पहिलीवाले चित्र काढतील. मोठ्या माणसांना जी नावं येतात ती पोरांकडे येतात का तेही कळेल.

फोंड्याची_गणितवाली
गणिताचं कोणी विचारलं नाही तरी सांगते 🙂 टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची साइट, मराठी पुस्तकंही मिळतात, सगळं फुकट. त्यातली माचिसच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायची करामत नक्की करा, त्रिकोण कितीही ढकला हलत नाही, चौकोन हात लावला की कलंडतो, आणि मग पोरं आपणहून चौकोनाला तिरकी काडी लावतात. सायकलवाल्याकडे ट्यूब स्वस्तात मिळते, काड्यांचं गुल आधी काढून टाका.

चौथीच्या अपूर्णांकांना फेट (PhET), कोलोराडो विद्यापीठाची सिम्युलेशनची, म्हणजे स्क्रीनवर हलवून बघायच्या प्रयोगांची साइट, बरंचसं मराठीत आहे आणि सिम्युलेशनची फाइल उतरवून घेतली की नेट नसताना ब्राउझरमध्ये चालते. जुन्या लॅपटॉपवर आधी घरी चालवून बघा, सगळी उघडतीलच असं नाही.

मोजायला काजूबिया आणू नका बरं का, एखादं पोर दातानं फोडायला बघतं आणि टरफलातल्या तेलानं ओठ भाजतात. चिंचोके घ्या.

सत्तरीची_टीचर
देव बरें करूं सगळ्यांक! सिंधुदुर्गचं पुस्तक खरंच डोक्यात आलं नव्हतं. माटोळी तर चौथीच्या दोघी आताच मागे लागल्यात. एकच विचारते, पीडीएफ पोरांनी लॅपटॉपवर बघणं वेगळं, हातात पुस्तक पाहिजे. प्रिंट सोडून काही आहे?

गुरुजी_डिचोली
पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मुलांचा वेगळा विभाग आहे, मराठी पुस्तकंही आहेत. पणजीतलीच बुकवर्म संस्था शाळांबरोबर वाचनाचं काम करते, त्यांना विचारून बघा. शाळेच्या लेटरहेडवर लिहा, साध्या मेसेजला लोक उत्तर द्यायला विसरतात. आणि प्रिंट काढायचीच तर ब्लॅक अँड व्हाइट, एका पानावर दोन, मध्ये दुमडून स्टेपल. रंग पोरं भरतात.

चोडणकार
टीचर, माटोळीचा तक्ता झाला की फोटो टाका इथे. कांगल्यो रानात आता पहिल्यासारख्या मिळत नाहीत म्हणतात, तुमच्या पोरांना कुठे मिळतात ते मलाही पाहिजे.